खुर्ची सांगेल

काका सुट्टीवर भारतात निघाले की त्यांच्या बॅगेत सगळ्यात आधी खुर्ची जायची. हिरव्या कापडाची, घडीची, वाळवंटात सहलीला नेतात तसली. ती गेली की उरलेल्या वजनात काकूंनी खजूर, बदाम, दुधाची पावडर आणि भाचरांसाठी घेतलेले परफ्यूम बसवायचे. विमानतळावर बॅग काट्यावर ठेवली की वजन हमखास जास्त भरायचं, आणि दर वेळी बाहेर निघायचे ते बदाम. खुर्ची कधीही बाहेर निघाली नाही.

"लोक गावाकडं सोनं नेतात," काकू मला म्हणायच्या, "आमच्यात फर्निचर नेतात."

काका आमचे खालचे शेजारी. दोहात जुन्या विमानतळाजवळ अल हिलाल म्हणून वस्ती आहे, तिथे एका व्हिलाचे मालकाने मधे भिंती घालून चार तुकडे केले होते. खालच्या एका तुकड्यात काका-काकू, त्यांच्या डोक्यावर आम्ही. काका नाशिकचे, काकू सांगलीच्या. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. काका रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये पाइपांची तपासणी करायचे. आतून पाइप किती झिजलाय, अजून किती दिवस टिकेल, हे ठरवायचं काम. कंपनीच्या बसने जायचे आणि नेहमी डाव्या बाजूला बसायचे. जातानाही डावीकडे आणि येतानाही डावीकडे. नवीन लोक हसायचे, म्हणायचे, येताना बाजू बदलायला नको का? काका म्हणायचे, "सूर्यपण बाजू बदलतो ना, बाबा." मग तो नवीन माणूस हाताने दिशा मोजत बसायचा आणि दोन दिवसांनी मुकाट्याने डावीकडे येऊन बसायचा.

खुर्चीचं प्रकरण असं होतं. आखातात कोणी कोणाला पेन्शन देत नाही. नोकरी संपली की ग्रॅच्युइटीची एक रक्कम हातात ठेवतात, विमानाचं तिकीट देतात आणि शुक्रन, म्हणजे आभार, म्हणतात. पुढचं ज्याचं त्याने बघायचं. बहुतेक लोक पुढचं बघतच नाहीत. काकांनी मात्र दोहात पाऊल ठेवल्यापासून बघायला सुरुवात केली होती. बँकेत त्यांचं एक वेगळं खातं होतं. दर महिन्याला पगारातून त्यात पैसे जायचे, त्यातून भारतात एखादा प्लॉट नाहीतर फ्लॅट घेतला जायचा, त्याचं भाडं परत त्याच खात्यात यायचं. त्याला ते नुसतं "पेन्शन खातं" म्हणायचे. त्या खात्याचा मॅनेजर, इन्स्पेक्टर आणि शिपाई हे सगळे काकाच. एकदा काकूंचा मिक्सर जळाला आणि महिनाअखेर होती. काकूंनी सहज त्या खात्याचं नाव काढलं. काका म्हणाले, "त्यात मिक्सर बसत नाही." काकू म्हणाल्या, "मग मॅनेजरसाहेबांना सांगा, चटणी पण बसत नाही." आठवडाभर काकांच्या डब्यात चटणी नव्हती, आणि तरीही खातं हललं नाही.

आणि ह्या खात्यातून काहीही घ्यायच्या आधी काका त्या जागेवर खुर्ची टाकून दिवसभर बसायचे. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. डबा, पाण्याची बाटली, टोपी. दलाल भाव सांगायला लागला की त्याला थांबवायचे. "भाव नंतर. आधी बसून बघतो. खुर्ची सांगेल." ऊन कुठून येतं, वारा कधी पडतो, कोणत्या वेळी कुठला वास येतो, शेजारचा कुत्रा किती भुंकतो, रस्त्याने कोण जातं, पाण्याचा टँकर येतो का, हे सगळं खुर्ची सांगायची. महिन्याभराच्या सुट्टीतले किती दिवस ते असे माळरानावर एकटे बसत, ते काकूच जाणोत. काकूंचं म्हणणं होतं की त्यांचं माहेर सांगलीत असलं तरी त्यांच्या नवऱ्याचं माहेर प्लॉटवर आहे.

एका सुट्टीत काका इगतपुरीजवळ एक जागा बघायला गेले. डोंगर, तळं, आंब्याची झाडं, सगळं होतं. खुर्ची टाकून बसले आणि तासाभरात दलालाच्या बोलण्यात आलं की जमीन शेतीची आहे, एन.ए. झालेली नाही. परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, हे काकांना पाठ होतं. दलाल ओशाळून म्हणाला, "चला साहेब, दुसरी दाखवतो." काका उठले नाहीत. डबा आणलाच आहे तर म्हणून संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. परत आल्यावर ही गोष्ट सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते विकत घेतलेल्या एकाही प्लॉटच्या वेळी मला दिसलं नव्हतं.

तो काळच बांधकामाचा होता. फुटबॉलचा वर्ल्ड कप येणार म्हणून सगळं दोहा उकरून ठेवलं होतं. मेट्रोचे खड्डे, नवे पूल, स्टेडियमवर झुकलेल्या क्रेन्स. सकाळी ज्या रस्त्याने ऑफिसला जावं तो संध्याकाळी बंद. माझा नवरा रोज घरी येऊन पहिल्यांदा डायव्हर्जनची बातमी द्यायचा आणि मग बूट काढायचा. अशा वातावरणात माणसाच्या अंगात बांधकाम भिनतं. आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात पुण्यातल्या कुठल्या तरी टॉवरचं रंगीत माहितीपत्रक पडलेलं असायचं.

ही माहितीपत्रकं मिळायची ती हॉटेलात भरणाऱ्या प्रॉपर्टी प्रदर्शनांत. पुण्या-मुंबईचे बिल्डर दोन दिवसांसाठी मोठ्या हॉटेलचा हॉल घ्यायचे. दारात अत्तर, आत समोसे, मधोमध काचेत ठेवलेलं टॉवरचं छोटं मॉडेल, त्यात पेटणारे छोटे दिवे आणि कापसाची झाडं. जागेवर बुकिंग केलं तर चांदीचं नाणं. आमच्यातले चांगले शिकलेले इंजिनियर, जे ऑफिसात एक बोल्ट घ्यायला तीन कोटेशन मागवतात, ते तिथे समोसा खाता खाता वीस वर्षांचं कर्ज घेऊन यायचे. न बघितलेल्या गावाबाहेरच्या न बांधलेल्या मजल्यावर. आम्हीही त्याच वाटेवर होतो. नवऱ्याने चेकबुक खिशात टाकलं होतं. मी सहज काकांना म्हटलं, येता का?

काका आले. खुर्ची आणता येत नव्हती म्हणून टॉर्च आणला होता. मॉडेलजवळ गेले आणि तिथे माहिती देणाऱ्या मुलीला म्हणाले, "हे दिवे जरा बंद करता का?" तिला वाटलं फोटो काढायचा असेल. दिवे गेल्यावर काकांनी टॉर्च पेटवला आणि मॉडेलच्या एका बाजूने हळूहळू वर नेऊन दुसऱ्या बाजूला उतरवायला सुरुवात केली.

"हा वैशाख," काका म्हणाले. "आता तुमचा फ्लॅट कुठला?"

नवऱ्याने बोट दाखवलं.

"हा सकाळचा सूर्य. हा बाजूचा टॉवर. बघा, तुमच्या खिडकीवर ह्याची सावली." टॉर्च पुढे सरकला. "आता दुपार. सावली गेली, ऊन आलं. आता संध्याकाळ. ऊन अजून आहेच. म्हणजे सकाळी अंधार आणि दुपारभर भट्टी. मॅडम, हा बाजूचा टॉवर काढता येईल का?"

मॅडम म्हणाल्या, "सर, दॅट इज फेज टू."

तोवर भोवती गर्दी जमली होती. जो तो काकांना आपापल्या फ्लॅटवर सूर्य फिरवायला सांगू लागला. एक गृहस्थ तर पौष महिनाही मागत होते. शेवटी बिल्डरचा माणूस आला आणि काकांचा खांदा अदबीने धरून त्यांना समोशांकडे घेऊन गेला. आमचं चेकबुक खिशातच राहिलं. त्याबद्दल मी काकांची आजन्म ऋणी आहे, आणि नवरा पण, पण तो कबूल करत नाही.

असे हे काका. पण त्यांच्या ह्या सगळ्या शहाणपणाला एक दुसरी बाजू होती, आणि ती काकूंच्या वाट्याला आली होती.

भाड्याच्या घराच्या भिंतीला खिळा मारायचा नाही, हा आखातातला अलिखित नियम. घर सोडताना मालक भिंत बघतो आणि डिपॉझिट कापतो. म्हणून आमच्या सगळ्यांच्या घरात फोटो जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेले, कॅलेंडर चिकटपट्टीने लावलेलं, देव कपाटावर. काकूंच्या घरात तर त्यांच्या आई-वडिलांचा मोठा, जाड फ्रेमचा फोटो सोफ्याच्या मागे उभा होता. केर काढताना त्या आधी फोटो उचलायच्या, पुसायच्या आणि परत टेकवायच्या. "आईबापाला जमिनीवर उभं केलंय मी," एकदा म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण मला ते लागलं.

भारतात त्यांचे चांगले दोन फ्लॅट होते, प्लॉट वेगळे. पण ते सगळे पेन्शन खात्याचे. तिथे भाडेकरू राहायचे आणि काका त्यांच्याकडून आधी लिहून घ्यायचे की खिळा मारणार नाही. भिंतीला भोक पडलं की भाव पडतो, असं त्यांचं मत होतं. म्हणजे काकूंना स्वतःच्या मालकीच्या भिंतींनाही खिळा मारता येत नव्हता. लग्नानंतर मुंबईतली कंपनीची खोली, मग आखात, मग एकातून दुसऱ्या भाड्याच्या व्हिलात. त्यांनी आयुष्यात एकदाही भिंतीत खिळा ठोकला नव्हता.

काका फक्त एकाच जागी कारणाशिवाय बसायचे. थंडीच्या दिवसांत शुक्रवारी सकाळी आम्ही दोन्ही घरं मिळून उत्तरेला अल रुवैसला जायचो. मासेमारीचं छोटं बंदर, निळ्या होड्या, जाळी वाळत घातलेली. काकू आणि मी चटईवर पोहे काढायचो, काका खुर्चीत बसून समुद्राकडे बघत राहायचे. माझी मुलगी इंग्रजी शाळेतली, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत. ती एकदा काकांना म्हणाली, "आजोबा, आर यू बायिंग द सी?"

काका इतके हसले की चहा सांडला. "नाही गं," म्हणाले, "हे घेता येत नाही. म्हणूनच तर बरं वाटतं."

काकू पोहे वाढता वाढता थांबल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना काय वाटलं ते मला तेव्हा कळलं नाही.

वर्ल्ड कप जवळ आला तशी भाडी वाढू लागली. एक दिवस आमचा नातूर, म्हणजे व्हिला सांभाळणारा माणूस, मालकाचा निरोप घेऊन आला. व्हिला रंगवून पाहुण्यांसाठी द्यायची होती. सगळ्यांनी जागा सोडायची. "यल्ला, जल्दी करो," तो बिचारा खाली मान घालून म्हणाला. आम्हाला दुसरी जागा शोधायची होती. काकांना शोधायची नव्हती, कारण त्यांची निवृत्ती आलीच होती. त्याच महिन्यात ग्रॅच्युइटी मिळणार होती आणि ते दोघं कायमचे परत जाणार होते.

चहा पिताना काकांनी बेत सांगितला. ग्रॅच्युइटी आणि एक प्लॉट विकून आलेले पैसे एकत्र करून पुण्याबाहेर हायवेलगत दोन दुकानाचे गाळे घ्यायचे. एक गाळा बँकेला, एक औषधाच्या दुकानाला. भाडं भरपूर. आणि आपण दोघांनी एक बेडरूमचा फ्लॅट भाड्याने घेऊन राहायचं. "स्वतः राहायचं घर म्हणजे झोपलेला पैसा," काका म्हणाले. "आपण जागं ठेवायचं."

काकूंनी कपबशा उचलल्या आणि आत गेल्या. हिशेबात काकांची चूक कुठेच नव्हती, हेच जास्त वाईट वाटत होतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी मी त्यांना सामान बांधायला मदत करायला खाली गेले. हॉलमध्ये खोकी पसरली होती. काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं तर चिकटपट्टीबरोबर तळहाताएवढा रंग निघून आला. काका धावत आले. तो पोपडा बोटावर घेऊन, थुंकी लावून परत चिकटवायला लागले. "डिपॉझिट कापणार आता. तुला सांगितलं होतं, पट्टी हळू काढ म्हणून. पुढच्या घरात कॅलेंडर नकोच. मोबाइलमध्ये असतं सगळं."

काकूंनी हात पदराला पुसले. बॅगेतून हिरवी खुर्ची काढली, हॉलच्या मधोमध उघडली आणि त्या निघालेल्या रंगासमोर तोंड करून बसल्या.

काकांना वाटलं दमली असेल. थोड्या वेळाने म्हणाले, "अगं, भांडी बांधायची राहिलीत." काकू बसून राहिल्या. जेवणाची वेळ झाली, स्वयंपाक नव्हता. मी वरून पुलाव करून आणला. काकू खुर्चीतच जेवल्या, ताट माझ्या हातात दिलं, म्हणाल्या, "मीठ छान पडलंय," आणि पुन्हा भिंतीकडे बघू लागल्या. काकांनी एकट्याने भांडी बांधली. वरणाच्या डावात आणि पोळपाटात कायमचं भांडण लागेल अशी बांधली. मधून मधून येऊन बघून जायचे. रागावले, मग घाबरले. ते मला स्पष्ट दिसत होतं. दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाशी काय बोलायचं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. आजवर तसे बसणारे तेच असायचे.

तीनच्या सुमारास समोरच्या मशिदीत अजान झाली. काका येऊन काकूंसमोर जमिनीवर बसले. पाइप तपासायच्या सवयीने बोटाच्या पेराने फरशीवर टकटक केलं.

"काय सांगते खुर्ची?" त्यांनी विचारलं.

"खुर्ची सांगते, भाड्याच्या भिंती आता खलास," काकू म्हणाल्या. आवाज शांत होता. "त्या खात्यात तुमच्या एकट्याचं म्हातारपण नाही. माझं पण आहे. तुम्ही तुमच्या वाट्याचे गाळे घ्या, नाहीतर समुद्र घ्या. मला माझ्या वाट्याची एक भिंत पाहिजे. खिळा मारायला."

काकांचं टकटक थांबलं. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते आणि जावं की थांबावं कळत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "आईंचा तो फोटो केवढा आहे गं? वजनाला?"

"जड आहे," काकू म्हणाल्या.

"मग भिंत बघून घ्यावी लागेल," काका म्हणाले आणि उठून पोळपाट परत सोडवायला लागले. मी वर आले आणि नवऱ्याला काही न सांगता थोडी रडले. चांगलं वाटून रडले.

पुढची बातमी फोनवर कळत गेली. घर शोधायला आता दोघं जात होती. काकांनी बरोबर खुर्ची घेतली होती आणि काकूंनी पर्समध्ये एक खिळा आणि छोटी हातोडी. एका दुपारी काकांचा फोन आला, हसू आवरत नव्हतं. "अगं, तुझ्या काकूने आज सॅम्पल फ्लॅटमध्ये खिळा मारला! तो पोरगा इटालियन मार्बल सांगतोय आणि ही मागे ठक ठक! भिंतीचा भुगा झाला. खिळा आत गेला आणि परत बाहेर पडला. हल्ली त्या हलक्या ब्लॉकच्या भिंती घालतात ना, त्यात साधा खिळा धरतच नाही." मागून काकूंचा आवाज आला, "त्याला सांगितलं, बाळ, तुझा संगमरवर राहू दे, माझ्या आईचा फोटो पडायचा." फोन ठेवायच्या आधी काका जरा हळू म्हणाले, "एवढी वर्षं बसलो, पण भिंतीला कधी हे विचारलं नाही मी."

पुणे झालं, नाशिक झालं. शेवटी त्यांनी घर घेतलं ते सांगलीत, जुन्या इमारतीत तळमजल्यावर. गाळे घेतले नाहीत. खातं बंदही केलं नाही, एक फ्लॅट अजून त्यात आहे आणि त्याचं भाडं त्यांना पुरतं. आमच्या ओळखीतल्या पैशाच्या जाणकारांनी हळहळ व्यक्त केली की माणूस शेवटी घसरला. मी ऐकून घेतलं.

वर्ल्ड कपच्या दिवसांत दोहातल्या शाळांना सुट्टी होती, म्हणून सामने सुरू व्हायच्या आधी मी मुलीला घेऊन भारतात आले आणि सांगलीला गेले. काका दारात उभे होते. आत टीव्हीवर नवं स्टेडियम दाखवत होते आणि काका आल्या-गेल्याला सांगत होते की त्या रस्त्याच्या खड्ड्यात आपली किती वर्षं गेली. घर तसं साधंच. दुपारचं ऊन येतं, रस्त्याचा आवाज येतो, काकांच्या टॉर्चने ते कधीच पास केलं नसतं. समोरच्या भिंतीवर काकूंचे आई-वडील होते, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर. दाराच्या मागे एका जाड खिळ्याला हिरवी खुर्ची घडी घालून टांगलेली होती. आणि बाकी भिंतभर खिळे. नुसते खिळे, त्यांना काही लावलेलं नव्हतं.

"काकू, हे काय?"

"अजून ठरलं नाही काय लावायचं," त्या म्हणाल्या. "जागा धरून ठेवल्यात."

काकांनी भिंतीवर टकटक केलं. "पक्की वीट आहे. पण एवढी भोकं पाडलीत हिने, आता ह्या घराला गिऱ्हाईक मिळायचं नाही." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर तेच समाधान होतं, इगतपुरीची जमीन घेता येत नाही कळल्यावरचं.

"मग झालं की," काकू म्हणाल्या.

निघताना काकांनी खिशातून एक खिळा काढून माझ्यापुढे धरला. दुसऱ्या हातात हातोडी होती.

"तुझा एक मार," म्हणाले. "तिकडे तुला मारता येत नाही."

मी आधी बोटावर मारली, मग भिंतीवर, आणि मग तो विटेत सरळ गेला. मुलगी टाळ्या वाजवत होती. त्या खिळ्याला अजून काही लावलेलं नाही. फोनवर विचारलं तर काकू म्हणतात, तुझा आहे, तू येऊन लाव.